ऑफिसातल्या बाईचा सिनेमा एकदा आवाज बंद करून बघा

आमचा लोकलचा ग्रुप आहे, डोंबिवलीहून सकाळी ८ च्या आसपास निघणारा, लेडीज सेकंड क्लास, आणि गेली ३ वर्षं आम्ही महिन्यातल्या एका शनिवारी कुणाच्या तरी घरी जमून सिनेमा बघतो. अट एकच, सिनेमात किंवा सिरीजमध्ये नोकरी करणारी बाई पाहिजे. आमच्यात एक जण सरकारी हॉस्पिटलात नर्स आहे, एक काकू बँकेतून आता रिटायर व्हायला आल्यात, एक मुलगी बीकेसीला आयटीत आहे, एक जण लॅबमध्ये, मी अकाउंट्सला.

सुरुवात झाली ती एका महिला दिनामुळे. माझ्या आधीच्या ऑफिसात ८ मार्चला आम्हा बायकांना एकेक गुलाब दिला आणि कॉन्फरन्स रूममध्ये एक प्रेरणादायी सिनेमा लावला. हिरॉईन शेवटी सगळ्यांसमोर खणखणीत बोलते, आमच्या साहेबांनी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या, आणि लाइट लागल्यावर त्याच साहेबांनी माझ्याकडे बघून सांगितलं की जरा हे कप उचलायला लाव ना कुणाला तरी, आणि दुपारच्या मीटिंगचे मिनिट्स तूच घे, तुझं अक्षर छान आहे. मिनिट्स लॅपटॉपवर लिहायचे असतात, त्यात अक्षराचा प्रश्नच येत नाही. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात हेच चाललं होतं की आम्ही दोघांनी एकच सिनेमा बघितला आणि त्यांना त्यात स्वतः कुठेच दिसले नाहीत. दिसणार तरी कसे, त्यातला वाईट माणूस दारू पितो, घाणेरडं बघतो, दार लावून घेतो, आणि आमचे साहेब घरून डबा आणणारे, केबिनमधल्या दत्ताच्या फोटोला रोज हार घालणारे. ते मनाने वाईट नव्हतेच. पण ४ वर्षांत मिनिट्स घ्यायला त्यांनी एकाही पुरुषाला सांगितलं नाही.

तर बघण्याची पद्धत आम्ही हळूहळू ठरवत गेलो, आणि आता बऱ्याच जणी विचारतात की तुम्ही नक्की करता काय, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. भिशीत, सोसायटीत, कॉलेजात, ऑफिसात, कुठेही जमेल.

सुरुवात कुठून

भाषणवाल्या सिनेमाने सुरू करू नका. आम्ही सत्यजित राय यांच्या महानगरने केली, १९६३ चा, बंगाली, सबटायटल वाचावे लागतात पण १० मिनिटांत सवय होते. कोलकात्यातली आरती घरात पैसा पुरत नाही म्हणून दारोदार जाऊन विणकामाची मशीन विकायची नोकरी धरते. हा सिनेमा पहिला का, तर त्यात तिचं काम दिसतं. परक्या घराच्या दारात उभं राहताना ती कशी अवघडते, मग हळूहळू कशी सराईत होते, पहिला पगार हातात आल्यावर आरशासमोर कशी उभी राहते. आणि नवरा वाईट माणूस नाही, त्यानेच तिला नोकरीचं सुचवलेलं असतं, पण बायको कामात रमायला लागल्यावर त्याचंच बिनसायला लागतं. तो तिला राजीनामा द्यायला सांगतो, आणि स्वतःची बँक बुडाल्यावर धावतपळत फोन करून सांगतो की देऊ नकोस. बँकेतल्या काकू तिथे जरा शांत बसल्या, आम्ही विचारलं नाही.

शेवट तर मला आजही नवा वाटतो. आरतीची सहकारी एडिथ अँग्लो इंडियन आहे, साहेब तिच्या आजारपणावरून तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवून तिला काढून टाकतो, आणि आरती म्हणते तिची माफी मागा. तो मागत नाही. घरात दुसरा पगार नसताना आरती राजीनामा देऊन बाहेर पडते, स्वतःच्या अपमानासाठी नाही, शेजारच्या टेबलावरच्या बाईसाठी. इतका जुना सिनेमा आहे आणि ही गोष्ट अजूनही पडद्यावर फार कमी दिसते.

इथूनच आमचा पहिला प्रश्न निघाला, आणि तो तुम्ही प्रत्येक सिनेमाला विचारा: ही बाई नक्की काय काम करते? सिनेमा संपला की प्रत्येकीने २ वाक्यांत सांगायचं. आमच्या रोजच्या सिरियल्सना हा प्रश्न लावून बघा, हिरॉईन कंपनीत जाते, हातात फाइल असते, कोट्यवधींचं डील होतं किंवा मोडतं, पण कंपनी बनवते काय, ती सकाळी १० ते ६ बसून करते काय, ते १०० एपिसोड बघूनही सांगता येत नाही. बाईचं कामच दाखवलं नाही तर कामात तिच्यावर झालेला अन्यायही धड दाखवता येत नाही, कारण बाईवरचा अन्याय बहुतेक वेळा कामातच असतो, कुणाला कुठली फाइल मिळाली, कुणाचं नाव प्रेझेंटेशनवर आलं, क्लायंटकडे कुणाला नेलं आणि कुणाला नाही.

मराठीतून सुरुवात करायची असेल तर उंबरठा, १९८२, जब्बार पटेल, स्मिता पाटील. गाण्यांमुळे सगळ्यांना माहीत असतो पण परत बघा, या वेळी सुलभा महाजनला संसारातून बाहेर पडलेली बाई म्हणून न बघता नोकरीवर रुजू झालेली अधीक्षक म्हणून बघा. महिलाश्रमात तिला अधिकार किती आहेत, सही कशावर करता येते, कमिटी तिला कुठे अडवते, हे मोजत बघा. मी आईबरोबर बघितला. आई फोर्टमध्ये एका ऑफिसात टायपिस्ट होती २२ वर्षं. लहानपणापासून मी तिच्याकडून या सिनेमाबद्दल एवढंच ऐकलं होतं की मुलीला टाकून गेली ती. या वेळी आई म्हणाली, जबाबदारी सगळी तिच्यावर आणि किल्ल्या दुसऱ्यांकडे, आमच्याकडेही असंच होतं गं.

आवाज बंद

ही युक्ती आमच्यातल्या लॅबवालीची, आणि आमच्या सगळ्या पद्धतीत हीच मला सगळ्यात कामाची वाटते.

बॉस आणि हिरॉईन केबिनमध्ये आहेत असा कुठलाही प्रसंग घ्या, ५ मिनिटांचा, आणि टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून बघा. कागदावर एवढंच लिहा: बसलंय कोण, उभं कोण, दार कुठे आहे आणि उघडं की बंद, जवळ कोण सरकतंय आणि मागे कोण. मग तोच प्रसंग आवाजासकट परत लावा.

आम्ही हे पहिल्यांदा केलं ते एका लोकप्रिय सिरियलच्या एपिसोडवर, नाव सांगत नाही कारण असं करणारी ती एकटी नाही. त्यात हिरो म्हणजेच कंपनीचा मालक, रात्री उशिरा तिला थांबवून घेतो, ती दुसऱ्या मुलाशी बोलली म्हणून तिची सुट्टी रद्द करतो, मनगट धरतो. आवाजासकट बघितलं तर मागे बासरी, केस उडतायत, आम्ही सगळ्या गालात हसत होतो, खोटं कशाला बोलू. आवाज बंद केल्यावर नर्स म्हणाली, ही मुलगी सारखी दाराकडे बघतेय. आम्ही परत लावलं, खरंच, ३ वेळा बघते. ती नटी बिचारी बरोबर अभिनय करत होती, संगीताने आम्हाला ते दिसू दिलं नव्हतं.

आता हाच प्रसंग वेगळ्या म्युझिकवर विचार करा, काळा सूट घातलेला खलनायक, खालून खर्जातला आवाज, आणि तेच मनगट. लगेच छळ वाटतो. म्हणजे केलेली गोष्ट एकच, पण करणारा देखणा आहे का नाही यावर पडदा आपल्याला सांगतो की घाबरायचं का लाजायचं. आणि हे नुसतं पडद्यावर राहत नाही. आमच्या आयटीवालीला तिच्या टीम लीडने ३ महिने रात्री ११ ला मेसेज केले आणि तिने कुणाला सांगितलं तर पहिलं उत्तर हेच आलं, अगं त्याला तू आवडत असशील. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याच्या दृष्टीने समोरच्याला नको असलेलं वागणं हा मुद्दा आहे, करणाऱ्याच्या मनात प्रेम होतं का राग, यावर ते ठरत नाही. नोकरीवर परिणाम होईल अशी आडून दिलेली धमकी, किंवा काम करणं नकोसं होईल असं वातावरण, हेही त्यात येतं.

एकच राक्षस असेल तर सावध व्हा

सिनेमाला गोष्ट सांगायची असते, म्हणून सगळा वाईटपणा एका माणसात भरून त्याला शेवटी हाकलून देणं सोपं पडतं. बघणाऱ्यालाही बरं वाटतं, कारण तो माणूस आपण नसतो. अशा वेळी विचारायचं, हा माणूस गेल्यावर उरलेलं ऑफिस तसंच आहे का? त्याच्या वागण्याची कल्पना कुणाकुणाला होती, आणि ते अजून त्याच खुर्च्यांवर बसलेत का?

याचं सगळ्यात चांगलं उत्तर मी २ सिनेमांत बघितलं. एक द असिस्टंट, २०१९, किटी ग्रीनचा, न्यूयॉर्कमधल्या फिल्म कंपनीतल्या ज्युनियर मुलीचा एकच दिवस, पहाटे ऑफिस उघडण्यापासून रात्रीपर्यंत. बॉस एकदाही दिसत नाही, फोनवरचा आवाज तेवढा. दिसतात ते बाकीचे, माफीचा ईमेल कसा लिहायचा ते तिच्या खांद्यावरून सांगणारे सहकारी, आणि एचआरवाला, जो तिची तक्रार शांतपणे ऐकून घेतो आणि जाता जाता सांगतो की तू काळजी करू नकोस, तू त्यांच्या टाइपची नाहीस. संथ आहे, काहींना कंटाळा येईल, तरी बघा.

दुसरा आट्टम, मल्याळम, आनंद एकर्षी यांचा, याला राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. नाटक मंडळीत १२ पुरुष आणि एक बाई. एका रात्री तिच्याशी गैरप्रकार होतो, आणि मग हे सगळे सज्जन पुरुष एका घरात जमून चर्चा करतात की काय करायचं. सुरुवातीला सगळे तिच्या बाजूने, मग परदेश दौऱ्याची संधी समोर येते आणि एकेकाच्या बोलण्यात ‘पण’ यायला लागतो. हा बघताना प्रत्येकीने एकेक पुरुष वाटून घ्या आणि त्याने पहिल्यांदा ‘पण’ कधी म्हटलं ती वेळ लिहून ठेवा. आमच्याकडे नर्सच्या नवऱ्यानेही एक वाटून घेतला होता आणि त्या रात्री तो आमच्याइतकाच बोलला.

आणि राक्षसाच्या उलट टोकाला असतो चांगला साहेब. हिडन फिगर्स, २०१६, नासातल्या कृष्णवर्णीय गणितज्ज्ञ बायकांचा. त्यात कॅथरीन जॉन्सन लघवीला जायला रोज हातात फायली घेऊन लांबच्या इमारतीत पळते, आणि शेवटी गोरा साहेब हातोडा घेऊन टॉयलेटवरचा वेगळेपणाचा बोर्ड फोडतो. आम्ही सगळ्या रडलो. पण वाचलं तर कळतं की तो साहेब काल्पनिक पात्र आहे, बोर्ड फोडलाच गेला नाही, टॉयलेट शोधत फिरायची पाळी आली होती ती मेरी जॅक्सनवर, आणि कॅथरीन जॉन्सन सरळ बिनपाटीचं टॉयलेट वापरत राहिली, कुणाची परवानगी न मागता. तिने स्वतः केलेली गोष्ट सिनेमाने एका पुरुषाच्या हातात दिली. हा सिनेमा वाईट नाही, मी तो परत बघेन. फक्त असा प्रसंग आला की विचारा, हे दार कुणी उघडलं, आणि खरोखर कुणी उघडलं होतं?

त्या रात्री बँकेतल्या काकूंनी सांगितलं की त्या ८० च्या दशकात ज्या शाखेत लागल्या तिथे बायकांसाठी टॉयलेट नव्हतं, त्या बाजूच्या बिल्डिंगमधल्या विमा एजंटच्या ऑफिसात जायच्या, आणि म्हणून सकाळी चहा प्यायच्याच नाहीत. त्यांची आमची ११ वर्षांची ओळख, रोज गाडीत सोबत, हे आम्हाला माहीत नव्हतं. मुंबईत बायकांच्या मोफत, स्वच्छ मुताऱ्यांसाठी राइट टू पी ची चळवळ २०११ मध्ये उभी राहिली, म्हणजे अगदी परवा परवा.

तक्रारीचा प्रसंग आला की रिमोट हातात घ्या

इथे थांबवून थांबवून बघावं लागतं, कारण सिनेमात तक्रार म्हणजे बहुतेक वेळा सगळ्या ऑफिससमोर आरडाओरडा, मग टीव्ही कॅमेरे, मग कोर्ट. खरं कसं असतं ते आधी एका कागदावर लिहून भिंतीला लावा, आम्ही लावतो.

१० किंवा जास्त माणसं असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई, निम्म्या तरी सदस्य बायका, आणि एक सदस्य बाहेरचा. तक्रार ३ महिन्यांच्या आत लेखी द्यायची, कारण पटलं तर समिती आणखी ३ महिने वाढवून देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत. चौकशी चालू असताना बाईला बदली किंवा ३ महिन्यांपर्यंत रजा मागता येते. समेट करता येतो पण पैसे घेऊन नाही. १० पेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती, आणि घरकाम करणाऱ्या बायकाही या कायद्यात येतात. नावं बाहेर फोडायला बंदी आहे. सिनेमात सगळ्यात जास्त चुकतं ते हेच, तक्रार झाली की दुसऱ्या मिनिटाला कँटीनमध्ये सगळ्यांना माहीत.

कायदा २०१३ चा, ९ डिसेंबर २०१३ ला लागू झाला. त्याच वर्षी जानेवारीत इन्कार आला होता, सुधीर मिश्रा यांचा, जाहिरात एजन्सीतल्या लैंगिक छळाच्या तक्रारीवर, चौकशीला बाहेरची बाई दीप्ती नवल. बघण्यासारखा आहे कारण चौकशीची खोली, समोरासमोर बसवलेले दोघं, हे आपल्याकडे पडद्यावर क्वचितच येतं. पण हळूहळू तो छळाचा सिनेमा राहत नाही, दोघांच्या जुन्या प्रेमाची गोष्ट होऊन बसतो, आणि प्रश्न असा फिरतो की तिचं त्याच्यावर अजून प्रेम आहे का. मला हे पटलं नाही. प्रेम होतं, तरी छळ होऊ शकतो, आणि चौकशीने तेवढंच बघायचं असतं.

कायद्याच्या आधी कामाच्या जागचा छळ रोखायचे नियम घालून देणारा सुप्रीम कोर्टाचा विशाखा निकाल, १३ ऑगस्ट १९९७, आणि त्याच्या मुळाशी राजस्थानातल्या भंवरीदेवी. त्यांच्यावर बवंडर आला २००० मध्ये, नंदिता दास. लावणार असाल तर आधी सांगून लावा, बघवत नाही. आणि बघताना हे विसरू नका की भंवरीदेवी सरकारी योजनेत साथिन, म्हणजे गावातली कार्यकर्ती, म्हणून कामाला होत्या आणि बालविवाह थांबवणं हे त्यांचं काम होतं. १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला तो काम केल्याबद्दल. १९९५ मध्ये खालच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. बायकांच्या संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या त्या कामाच्या जागेचा प्रश्न घेऊन, आणि आज लोअर परळच्या काचेच्या बिल्डिंगमध्ये माझ्यासाठी जी समिती बसते ती तिथून आलीये. ऑफिसात सिनेमा दाखवणार असाल तर ही एवढी गोष्ट तरी सांगा, गुलाब राहू दे.

आणि सिनेमा कोर्टात संपला तर पुढचा सोमवार विचारा. नॉर्थ कंट्री, २००५, अमेरिकेतल्या खाणीत काम करणाऱ्या बायकांचा, शेवटी कोर्टात एकेक जण उभी राहते आणि अंगावर काटा येतो. ज्या खऱ्या खटल्यावर तो बेतलाय तो १९८८ मध्ये दाखल झाला आणि मिटला १९९८ मध्ये. मधली १० वर्षं त्या बायका कुठे कामाला जात होत्या, डबा कुणासोबत खात होत्या, हे आम्ही एकमेकींना विचारत बसलो.

खरी गोष्ट म्हणून सांगितलेली

सत्यघटनेवर आधारित असं आलं की घरी जाऊन थोडं वाचायचं, एवढंच. गुंजन सक्सेना, २०२०, बघून आपल्याला वाटतं सगळं हवाई दलच तिच्याविरुद्ध होतं. हवाई दलाने त्यावर लेखी आक्षेप घेतला, आणि स्वतः गुंजन सक्सेना यांनीही सांगितलं की संस्थेने त्यांना समान संधी दिली, काही माणसांचे पूर्वग्रह होते. हा फरक महत्त्वाचा आहे, उलट जास्त उपयोगाचा, कारण आपल्या बहुतेकींच्या ऑफिसात असंच असतं, नियम नीट लिहिलेले आणि माणसं जुनीच.

दुसरी बाई

बॉस बाई असेल तर ती कजाग, ड्रेस महागडा, घरी कुणी नाही. वर्किंग गर्ल, १९८८, मध्ये हेच, खालच्या मुलीची आयडिया चोरणारी वरची बाईच. अशा बायका नसतात असं मी म्हणणार नाही, मला एक भेटलीये. पण लेडीज डब्यात उभं राहून बघा, चौथ्या सीटवर सरकून जागा देणारी, इंटरव्ह्यूला निघालेल्या मुलीच्या साडीला पिन लावणारी, पगार किती मागायचा ते कानात सांगणारी, या सगळ्या पडद्यावर कुठे गेल्या? त्यासाठी ९ टू ५ बघा, १९८०, ३ सेक्रेटरी मिळून साहेबाला धडा शिकवतात, धमाल आहे. त्यामागे बोस्टनमधल्या ऑफिसातल्या बायकांची खरी संघटना होती, १९७३ पासूनची, तिचंही नाव ९ टू ५. त्या तिघी ऑफिसात पाळणाघर आणतात, वेळा बदलतात, वरचा मोठा साहेब सगळ्याला हो म्हणतो, फक्त एक गोष्ट काढून टाका म्हणतो, समान पगार. तो क्षण थांबवून आम्ही आपापले पगार एकमेकींना सांगितले, पहिल्यांदाच.

आणि मुंबईचं हवं असेल तर स्कूप, २०२३, हंसल मेहता. क्राइम रिपोर्टर बाईला पहिल्या पानाची बातमी मिळाली की मागून कुजबुज, मिळाली कशी. पुरुषाला बातमी मिळाली तर सोर्स चांगले, बाईला मिळाली तर चारित्र्य. बघताना मोजा ही कुजबुज किती वेळा होते आणि कुणाच्या तोंडून, त्यात बायकाही आहेत, तेही लिहा.

मेकओव्हरवर फार वेळ घालवत नाही. जस्सी जैसी कोई नहीं, २००३, आमच्या घरी रोज लागायची. हुशार होती तोवर तिला हसले, चष्मा गेला आणि मग कौतुक. ती हुशार पहिल्या एपिसोडपासून होती.

न दाखवलेलंही शोधा. ५० किंवा जास्त माणसांच्या ऑफिसात पाळणाघराची सोय असायला हवी आणि बाळंतपणाची रजा २६ आठवडे, २०१७ पासून. पडद्यावरच्या किती ऑफिसांत तुम्ही पाळणाघर बघितलंय? एअर इंडियाच्या हवाई सुंदरींची नोकरी पहिल्या गरोदरपणात जायची, तो नियम १९८१ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केला, आणि सिनेमातली हवाई सुंदरी तेव्हाही नुसती हसत ट्रे घेऊन येत होती.

शेवटची नावं वर सरकताना उठू नका

कारण सिनेमा हेही कुणाचं तरी ऑफिस आहे, आणि ते आपल्याच गावात, गोरेगाव-अंधेरीला. मुंबईतल्या मेकअप आर्टिस्ट आणि हेअर ड्रेसरच्या संघटनेचा नियम होता की बायकांनी फक्त केस करायचे, मेकअप आर्टिस्टचं कार्ड पुरुषालाच. हिरॉईनचा चेहरा रंगवायचं काम बाईने करायचं नाही. चारू खुराना त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेल्या आणि १० नोव्हेंबर २०१४ ला तो नियम गेला. २०१४, म्हणजे दामिनी, उडान सगळं होऊन गेल्यावर. पडद्यावर कर्तबगार बायका दाखवल्या जात होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर पावडर लावायला बाईला बंदी होती. केरळात मल्याळम सिनेमात काम करणाऱ्या बायकांची परिस्थिती बघायला हेमा समिती २०१७ मध्ये नेमली, अहवाल २०१९ मध्ये दिला आणि लोकांसमोर आला ऑगस्ट २०२४ मध्ये, तोही काही भाग काढून. त्यात छळाबरोबर साध्या गोष्टीही आहेत, सेटवर टॉयलेट नाही, कपडे बदलायला जागा नाही. काकूंची शाखा आठवली मला. म्हणून नावं वाचा, लेखन कुणाचं, कॅमेरा कुणाचा, संकलन कुणाचं, आणि बायकांची नावं फक्त वेशभूषेपाशीच येतात का.

जमवायचं कसं

६ ते ८ जणी पुरे, जास्त झाल्या की दोघीच बोलतात. सिनेमाला सव्वादोन तास धरले तर गप्पांना दीड तास धरा, गप्पा राहिल्या तर सिनेमा वाया. जिच्या घरी आहे तिने ओट्याशी उभं राहायचं नाही, प्रत्येकीने एकेक डबा आणायचा आणि चहा घरातल्या पुरुषाने करायचा, आमच्याकडे आता ते आपणहून करतात. पुरुषांना जरूर बोलवा पण पहिली १५ मिनिटं फक्त बायकांनी बोलायचं असं आधीच सांगा, कारण आपल्याकडे असं काही नाही हो हे वाक्य पहिलं आलं की पुढे कुणी तोंड उघडत नाही. कुणी स्वतःचं काही सांगितलं तर ते त्या खोलीतून बाहेर न्यायचं नाही, आणि तिला तक्रार करायचीच असेल तर ३ महिन्यांची मुदत लक्षात आणून द्या, तारखा आणि मेसेज जपून ठेवायला सांगा, पण करच असा आग्रह धरू नका, पगार तिचा आहे. ऑफिसात करत असाल तर सिनेमानंतर समितीच्या सदस्यांची नावं वाचून दाखवा, निम्म्या लोकांना माहीत नसतात. आणि शेवटची गाडी बघून ठेवा.

येत्या शनिवारी नर्सकडे आहे, ठाकुर्लीला. पायल कपाडियांचा ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट लावतोय, २०२४ ला कान महोत्सवात ग्राँ प्री मिळाला तो, मुंबईतल्या हॉस्पिटलातल्या मल्याळी नर्स आणि रत्नागिरीची स्वयंपाकीण पार्वती, छाया कदम. बक्षिसाचं ऐकून आमची नर्स फार हलली नाही. तिने विचारलं, त्यात नर्स ड्युटीवर किती वेळ उभी दाखवलीये आणि बसायला स्टूल आहे का, मी तेवढंच मोजणार.